पाच पिल्लं माझ्या नावावर

गेल्या नाताळात माझ्या नातवाने त्याच्या मुलासाठी ससा आणला. आम्ही गोखिवऱ्याला चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत निळ्या तारेचा पिंजरा ठेवला, त्याला लाल फीत बांधली, पोराचे फोटो काढले. पोरगा सहा वर्षांचा. त्याने सशाला दिवसभर बाहेर काढायचा, साबणाने आंघोळ घालायची, केक भरवायचा, उशीखाली झोपवायचा असा सपाटा लावला. पंधरवडा गेला आणि एका सकाळी ससा ताठ होऊन पडलेला दिसला. डोळे उघडे, दात बाहेर. नातसुनेने त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि कचऱ्याच्या गाडीत दिला. पोरगा रडत तिच्या मागे फिरत होता. ससा कशाने मेला, ससा कशाने मेला, एवढंच विचारत होता. तिला कामावर जायची घाई. ती म्हणाली, "तूच सारखा हात लावायचास ना त्याला."

पोरगा आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

नातसून मनाने वाईट नाही. संध्याकाळी तिने त्याला जवळही घेतलं असेल. पण मी आतल्या खोलीत खाटेवर बसून ते वाक्य ऐकलं आणि ओळखलं. कारण ते वाक्य माझं आहे. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी पाचूबंदरला एका ओट्यावर बसून मी ते बोललो होतो, आणि त्यापायी एका नऊ वर्षांच्या मुलीचा डोळा गेला.

ती मुलगी माझी भाची. आता तीही म्हातारी झाली. तिच्याबद्दल पाचूबंदरला आणि पुढे अर्नाळ्याला जी गोष्ट सांगतात, ती खोटी आहे. खरं काय घडलं ते मी इतकी वर्षं कुणालाही कळू दिलं नाही. मी गेलो की खोटीच उरेल. म्हणून हे लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मुंबईच्या गोदीत कारकून होतो. आमच्या आळीत शाळा पुरी करून पँट घालणारा मी पहिलाच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. रविवारी पाचूबंदरला थोरल्या बहिणीकडे जायचो. तिचा नवरा, म्हणजे माझा मेव्हणा, स्वतःच्या होडीवर मासेमारी करायचा. अंगाने दांडगा, तोंडाने तिखट. माझ्या नोकरीची त्याला काडीची किंमत नव्हती. "दिवसभर खुर्चीत बसून तुझं बूड तरी दुखतं का रे?" असं चारचौघांत विचारायचा आणि धक्क्यावरचे सगळे हसायचे. मीही हसायचो. पण आत जळायचं.

गोदीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर मी कागद घेऊन जात असे. त्याच्या बागेत आदल्या वर्षी नाताळला मुलांना ससे दिलेले मी पाहिले. हिरवळीवर पांढरे ससे, मागे गोरी मुलं. मला वाटलं, असं काहीतरी न्यावं. मेव्हण्याने कधी पाहिलं नसेल, पोरांनी जन्मभर आठवण काढावी, असं. पाखरांच्या बाजारात जाऊन मी एक जोडी घेतली. विकणाऱ्याला काहीही विचारलं नाही. काय खातात, कसे धरतात, नर कुठला, मादी कुठली, काहीच नाही. करंडीला लाल फीत तेवढी बांधून घेतली.

नाताळच्या आदल्या सकाळी स्टेशनवरून टांग्याने गावच्या किल्ल्यापर्यंत आलो आणि करंडी घेऊन बहिणीच्या अंगणात शिरलो, तेव्हा तिथे डुक्कर कापत होते.

आम्हा ख्रिस्ती कोळ्यांकडे हा रिवाजच होता. पावसाळा संपला की दोन घरं मिळून डुक्कर आणायचं, उरलेसुरले मासे, कोंडा घालून फुगवायचं आणि नाताळच्या आदल्या दिवशी कापायचं. पोरं त्याला खाऊ घालायची, त्याच्या पाठीवर बसायची, आणि तो दिवस आला की गोल करून बघायला उभी राहायची. त्या दिवशी मेव्हण्याने डुकराच्या मानेवर गुडघा रोवला होता. दोघांनी मागचे पाय ओढून धरले होते. सुरा आत गेला तरी ते ओरडत राहिलं. आवाज बायकांच्या किंकाळीसारखा, तो थांबेचना. माझ्या बहिणीची सासू टोप लावून रक्त धरत होती आणि "हलवू नका रे, सांडतंय" म्हणून खेकसत होती. भाची कुडाला पाठ लावून, कानांत बोटं घालून उभी होती. तिचा पाच वर्षांचा भाऊ मात्र टोपात वाकून बघत होता.

सांगायचं कारण एवढंच, की आमच्या घरांत नाताळाच्या तोंडावर जे जिवंत जनावर यायचं, ते कापायलाच यायचं. दुसऱ्या कशासाठी जनावर आणतात हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. मी करंडी उघडली. सासूने रक्ताचा हात कमरेला पुसून एक ससा कानांना धरून उचलला आणि तोलून पाहिला.

"शेरभर तरी भरंल का याचं मटन?"

"खायला नाय आणलेत. पोरांना खेळायला," मी म्हणालो.

मेव्हणा सुरा पुसत उठला. "मुंबयवाले आता उंदीर पालतात," तो म्हणाला. "आम्ही मारतो, तुम्ही पालता. शिकल्यावर असंच होतं काय रे?"

सगळे हसले. भाची पुढे आली. तिने सासूच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, हातातून ससा काढून घेतला आणि फ्रॉकच्या घेरात गुंडाळला. "ह्याला नाय कापायचं," ती म्हणाली. बापाकडे बघून म्हणाली. त्याच्याकडे बघून बोलायची हिंमत त्या घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

मेव्हण्याने तिच्या गालाला रक्ताचं बोट लावलं. "फुडल्या नाताळाला बघू," असं म्हणून तो परत डुकराकडे वळला.

एक ससा तिचा, एक भावाचा. भावाच्या सशाने नवं वर्षही पाहिलं नाही. पोरगा त्याला कानांना लटकवून आळीभर मिरवायचा. एके दिवशी बोंबील काठ्यांवर वाळत घातले होते तिथे तो त्याला घेऊन गेला. त्या काठ्यांखाली कायम दहा-बारा कुत्री लोळत असत. सशाने हिसडा मारला, सुटला, आणि कुत्र्यांनी त्याला मधोमध फाडला. पोराच्या पायाशी. मेव्हणा होडीतून वल्हं घेऊन धावला आणि हाती आलेल्या पहिल्या कुत्र्याची कंबर त्याने मोडली. ते कुत्रं दोन दिवस वाळूत पुढच्या पायांवर सरकत फिरत होतं, मग समुद्रानेच नेलं. मी रविवारी गेलो तेव्हा हे कळलं. पोरगा रात्री झोपेत ओरडतो, असं बहिणीने सांगितलं. मी म्हणालो, "दुसरा आणू." आणला नाही.

भाचीची मादी राहिली. तिच्यासाठी मी गोदीतून एक लाकडी खोका नेला होता, तो परसात ठेवून आत पेंढा घालत, वर गोणपाट टाकत. ससा पाळायचा कसा हे भाचीला कुणी शिकवलं नाही. ती बघून बघून शिकली. कानांना धरलं की किंचाळते, पोटाखाली हात घातला की शांत बसते. खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे गवत कसलं, म्हणून ही पोर रोज किल्ल्यात जाऊन पडक्या भिंतींमधून कोवळं गवत खुडून आणायची. धक्क्यावर मासे विकणाऱ्या बाया तिला चिडवायच्या, "तुझ्या म्हशीला चारा झाला का गो?" ती मान ताठ करून जायची. त्या घरात मारायला शिकलेली माणसं होती. सांभाळायला शिकलेली ती एकटी.

जानेवारी संपत आला होता. रविवारी चर्चमध्ये मिसा करून मी बहिणीकडे आलो, तर परसात आजीची कुरकुर चालली होती. मादीच्या छातीवरचे, पोटावरचे केस गेले होते. गुलाबी कातडी दिसत होती. खोक्यात केसांचे पुंजके पडले होते.

"खरूज हाय," आजी म्हणाली. "पोरांना लागंल. मी तर म्हनते आजच कापून टाका."

"कापायचं कशाला? मी बघतो," मी म्हणालो. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. पण मेव्हणा भरतीबरोबर परत येणार होता, आणि मी आणलेलं जनावर रोगट निघालं हे ऐकून तो महिनाभर मला सोडणार नव्हता. त्याच्या आधी मला ते बरं करायचं होतं.

भाचीने माझा हात धरला. "मामा, खरूज नाय. ती स्वतःच उपटते. मी बघितलं ना. तोंडात पेंढा धरून कोपऱ्यात नेते, वर केस अंथरते."

"म्हणजे गादी भरते म्हण की," मी हसलो. आजीही हसली. "उशी पन शिवून मागंल आता."

भाची हसली नाही. "राहू दे ना तिला, मामा. आज ती कुनाला जवळ येऊ देत नाय."

आमच्या घरांत खरजेवर एकच औषध. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल. मुशी कापली की तिचं काळीज उन्हात डब्यात कुजवून हे तेल काढत आणि होडीच्या लाकडाला फासत, कीड लागू नये म्हणून. कुत्र्याला खरूज झाली, तरी तेच. पोराच्या डोक्यात खवडे झाले, तरी तेच. त्याचा वास आठ-आठ दिवस जात नाही. मी पँट दुमडली, डबा आणि होडीचा कुंचा घेतला आणि मादीला कानांना धरून वर उचललं.

ती ओरडली. ससा ओरडतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मागच्या पायांनी तिने माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. मी चिडलो. तिला जमिनीवर दाबली, गुडघा रोवला, मेव्हण्याने डुकरावर रोवला होता तसाच, आणि नाकापासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. मग खोका उलटा केला. तिने कोपऱ्यात रचलेले केस आणि पेंढा, रोगाची घाण म्हणून, उकिरड्यावर फेकला. खोक्याच्या फळ्यांनाही तेल लावलं. भाची उकिरड्यावरून ते केस वेचायला लागली, तेव्हा मी तिला दंडाला धरून मागे ओढली.

"औषध आहे ते. शहाणपणा करू नकोस," मी म्हणालो.

जेवलो. ताव मारून जेवलो. परसाकडच्या ओट्यावर आडवा झालो. मनगट ठणकत होतं म्हणून झोप लागली नाही, नुसता डोळे मिटून पडलो. ऊन कललं तसा मी परसात गेलो. खोक्यातून आवाज येत होता. बारीक, ओला, काहीतरी कुरकुर चावल्यासारखा. मी गोणपाट उचललं.

उघड्या फळ्यांवर सहा पिल्लं पडली होती. सोललेल्या कोळंबीएवढी, तशीच गुलाबी. मादीचे डोळे पांढरे झाले होते. तेलाने तिचे केस चिकटून अंग अर्धं झालं होतं आणि ती पिल्लू चावत होती. पायांकडून. पिल्लाचं तोंड उघडमीट करत होतं. शेजारी एकाचं डोकं नव्हतं, एकाचं पोट नव्हतं. मी बघतो आहे तोवर तिने तोंडातलं संपवलं, दुसरं पुढ्यात ओढलं, त्याचा वास घेतला, आणि दात लावले.

भाचीने सकाळी सांगितलेलं सगळं मला त्या क्षणी कळलं. ती अंथरूण करत होती. ते मी उकिरड्यावर फेकलं होतं.

मी गोणपाट परत टाकलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. अजून जिवंत असलेली पिल्लं त्या खोक्यात होती आणि मी गोणपाट परत टाकलं. ओट्यावर येऊन बसलो आणि सिगरेट पेटवली. डोक्यात फक्त मेव्हण्याचं हसणं होतं.

मग भाची किल्ल्यातून गवत घेऊन आली. ती परसात गेली. तिचा आवाज आला, पण तो रडण्याचा नव्हता. ती मादीवर ओरडत होती, "सोड, सोड गो." तिने दोन्ही हात खोक्यात घातले होते. मादीने तिचं बोट हाडापर्यंत चावलं तरी तिने हात काढला नाही. उरलेली पिल्लं ओढून काढून फ्रॉकमध्ये घेतली. आजी घरातून बाहेर आली तेव्हा तिला काय दिसलं, तर पोरीच्या फ्रॉकभर रक्त आणि हातात फाटलेली पिल्लं.

"पोरीने पिल्लं मारली गो," आजीने आळीला ऐकू जाईल असं म्हटलं. "सणाला आलेल्या जिवाची पिल्लं. आता होडीचं काय हुनार?"

मेव्हणा तेवढ्यात धक्क्यावरून येत होता. त्या दिवशी त्याचं जाळं बुडालेल्या कुठल्याशा लाकडात अडकून फाटलं होतं. खांद्यावर ओला दोर, टोकाला गाठ. वाटेतच त्याला चार जणांनी आजीचं वाक्य सांगितलं होतं. तो परसात शिरला. पोरीकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मग मला विचारलं.

"तू हितंच होतास. काय झालं?"

खरं सांगायला त्या वेळी चार शब्द पुरले असते. मादीनेच खाल्ली, मी पाहिलं. तो हसला असता. तेल कोणी लावलं विचारलं असतं, आणखी हसला असता. त्याहून जास्त काही झालं नसतं.

मी म्हणालो, "मी झोपलो होतो. पोरं हात लावल्याशिवाय राहतात का?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी सकाळी तेल लावलं, हे तिला ठाऊक होतं. दुपारी मी तिच्या आधी गोणपाट उचललं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती फक्त म्हणाली, "बा, मी काढत होते."

पहिला फटका पाठीवर बसला. तिने फ्रॉकचा घेर सोडला नाही, म्हणून हात आडवे घेता आले नाहीत. दुसरा मानेवर. तो मोजून मारत नव्हता, जाळ्याचा राग, आळीचा राग, सगळं त्या दोरात होतं. बहीण धावत येऊन पोरीवर पडली, तिच्या पाठीवरही दोर उमटला. मी ओट्यावरून उठलो आणि दोन पावलं टाकून उभा राहिलो. पुढचा फटका सुटला तेव्हा पोरीने मान वर केली होती, आणि टोकाची गाठ सरळ उजव्या डोळ्यावर बसली.

आवाज लहानसा झाला. अंडं फुटल्यासारखा.

मेव्हण्याने दोर टाकला. तिला उचलून तो धावला, गावातल्या डॉक्टरच्या दारापर्यंत धावला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या दवाखान्यात नेली. ओळखीमुळे खाट मीच मिळवून दिली. बहीण त्याबद्दल मरेपर्यंत माझे उपकार मानत राहिली. डोळा काढावा लागला. पिल्लांतलं एकही जगलं नाही.

परत आल्यावर मेव्हण्याने मादीला मागच्या पायांना धरून पायरीच्या दगडावर आपटली. एकदा पुरे होतं, तो आपटतच राहिला. आजीने कातडं सोललं, पण मटणाला मुशीचा वास मारत होता म्हणून तिने ते कुत्र्यांना टाकलं. कुत्री हुंगून निघून गेली. कुणालाही त्या वासाचा अर्थ लागला नाही. मला लागला होता.

ससे पाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईने पुढे कधीतरी मला सांगितलं की मादी विण्याआधी छातीचे केस उपटते, त्या वेळी तिला डिवचलं, अंथरूण मोडलं, वास बदलला, तर ती घाबरून पिल्लांना खाते. मी मान डोलावली. नवीन ऐकल्यासारखं केलं.

गावाने भाचीची गोष्ट स्वतःच पुरी केली. हिने सशाची पिल्लं चिरडली, एक खाल्लं, म्हणून देवाने डोळा घेतला. पोरं तिच्या मागे ओरडत, "पिल्लं खाल्ली, डोला दिला." पहिल्या कुमसाराला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायला ती बसली, तेव्हा तिने पिल्लं मारल्याचं कबूल केलं, असं बहिणीने मला कौतुकाने सांगितलं. मी ऐकून घेतलं. एक डोळा नाही म्हणून अर्नाळ्याच्या बिजवराला तिला दिली. लग्नात मी कोट घालून मिरवलो. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. मी भेटायला गेलो तर बाहेर ओसरीवर बाया बोलत होत्या. एक म्हणाली, "पिल्लं मारलेली हाय ती. तिच्या कुशीत काय टिकनार?" भाची आत खाटेवर होती. कुडाची भिंत. तिला ऐकू गेलंच असणार. मी त्या बाईसमोर बसून तिने दिलेला चहा प्यालो.

माणूस एवढी वर्षं गप्प कसा राहतो, असं कुणी विचारेल. रोज नवं कारण सापडतं. आधी मेव्हण्याची भीती, मग बहिणीच्या डोळ्यांतला माझा मान, मग स्वतःच्या बायकोपोरांची लाज. मेव्हणा गेला, आजी त्याच्या कितीतरी आधी, बहीण त्यानंतर. भीती वाटावी असं कुणी उरलं नाही, तेव्हा सवय झाली होती.

पणतू आपल्या हातांकडे बघत उभा राहिला, त्या आठवड्यात मी नातवाला म्हटलं, मला अर्नाळ्याला ने. आधी पणतूला जवळ बसवून सांगितलं, "ससा तुझ्या हाताने नाही मेला. आम्ही मोठ्यांनी तो आणला, कसा ठेवायचा ते शिकलो नाही, म्हणून मेला." त्याला पटलं की नाही, कोण जाणे. तो पुन्हा हात धुवायला गेला.

भाची दारात बसून वाळलेला जवळा निवडत होती. एका डोळ्याने, पण बोटं झरझर. नातू गाडीपाशी थांबला. मी तिच्या समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. तेल, उकिरड्यावर फेकलेले केस, गोणपाट, सिगरेट, ते वाक्य. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तू झोपलेला होतास, मामा."

"नव्हतो."

"सगले सांगतात तू झोपलेला होतास."

"मीच सांगितलं म्हणून सांगतात."

तिने सूप खाली ठेवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. वय झालं माझं, भ्रमिष्टासारखं बोलतोय, असं तिला वाटलं असावं, मग तसं वाटेनासं झालं असावं.

"पन मी मारलं," ती म्हणाली. "मला आठवतं ना. एक होतं. मागचं सगलं खाल्लेलं, आनि तोंड हलवत होतं. माझ्या बोटाला चोखायला बघत होतं. मी त्याची मान दाबली. हातात मोडलेली कललं मला. ते मी मारलं. कुमसारात तेच सांगितलं. फादर म्हनाले, बरं. त्यांना काय ठावं, किती होती नि कुनी खाल्ली."

तो सगळा मार खाताना तिच्या मनात ते एक पिल्लू होतं. मार त्याच्यासाठीच आहे, असं ती नऊ वर्षांची पोर समजली होती. आणि मोठी झाल्यावर लोक म्हणाले तेव्हा त्या एकातच बाकीची मिसळून गेली. मूल गेलं, तीही तिला त्याचीच शिक्षा वाटली.

"बाला का नाय सांगितलंस?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. "मरायला टेकला तेव्हा मी पंधरा दिवस त्याच्या उशाशी होते. पानी पाजायची तर तो भिंतीकडं तोंड करायचा. माझ्या तोंडाकडं बघायचा नाय. तेव्हा सांगितलं असतंस तर मला एकदा बघितलं असतं त्याने."

"आता काय करू?"

"आता काय करनार तू? धड उठवत नाय तुला." ती किंचित हसली, बापासारखी, एका बाजूने. मग सूप परत मांडीवर घेतलं. "माझ्यापुढं रडू नको. मला सांगून काय? मी हाय ती हाय. लोकांना सांग. माझ्या सुनांना सांग, ज्या पोरांना अजून सांगतात, म्हातारीच्या हातात कोंबडीचं पिल्लू देऊ नका. लिहिता येतं ना तुला? तेवढ्यासाठीच शिकलास ना?"

मी उठायला लागलो. तिने जवळ्यातले खडे वेचत, वर न बघता विचारलं, "किती होती रे सगली?"

"सहा."

तिने एक खडा बाजूला टाकला. "तर असं लिही. एक माझं. पाच तुझी."

तसं लिहिलं आहे.